ग्रीक अक्षरांच्या घरातली वडीलधारी माणसं

इथल्या मराठी घरात 'फ्रॅटर्निटी' हा शब्द निघाला की जेवणाच्या टेबलावर एकदम शांतता पसरते. मुलगा कॉलेजात जाऊन जेमतेम सहा आठवडे झालेले असतात आणि तो फोनवर सहज सांगून टाकतो, "आई, मी रश करतोय." आईला वाटतं, पोराला कसली तरी घाई आहे. बाबांना शब्द ठाऊक असतो, कारण त्यांनी इंग्रजी सिनेमे पाहिलेले असतात. आणि त्या सिनेमांत फ्रॅटर्निटी म्हणजे बिअरची पिंपं, लाल प्लास्टिकचे पेले आणि मोडका सोफा, यापलीकडे काही नसतं. मग "आम्ही एवढी फी भरतोय ती यासाठी का?" हे सुरू होतं. मुलगा म्हणतो, "बाबा, तसं नसतं ते." तसं नसतं तर कसं असतं, हे विचारायच्या आत फोन बंद झालेला असतो.

गेली तीन वर्षं आम्ही सहा जण अशाच एका फ्रॅटर्निटीच्या चॅप्टरचं सल्लागार मंडळ चालवतो आहोत. इथल्या भाषेत याला 'अ‍ॅलम्नाय अ‍ॅडव्हायझरी बोर्ड' म्हणतात. आमच्या घरची मंडळी याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात, आणि ते खोटंही नाही. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांची मुलं आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा फ्रॅटर्निटी हे प्रकरण काय आहे, त्यात धोका कुठे आहे आणि चार मोठी माणसं जवळ असली तर काय फरक पडतो, हे एकदा नीट लिहून काढावं असं ठरलं. चॅप्टर कुठला, युनिव्हर्सिटी कुठली, हे मुद्दाम लिहीत नाही. मुलांना पुढे नोकऱ्या शोधायच्या आहेत.

भ्राता आणि फ्रॅटर

लॅटिनमध्ये 'फ्रॅटर' म्हणजे भाऊ. आपल्या संस्कृत 'भ्राता'चाच तो चुलत भाऊ. ग्रीक अक्षरांचं नाव घेणारी पहिली विद्यार्थी संघटना म्हणजे फाय बीटा कॅप्पा. ती विल्यम अँड मेरी कॉलेजात १७७६ साली, म्हणजे हा देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी निघाली. आज ती हुशार विद्यार्थ्यांना मान देणारी संस्था आहे. आपण ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतो, त्या प्रकाराची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ साली कॅप्पा अल्फा सोसायटीपासून झाली असं मानतात. गुप्त शपथ, खास हस्तांदोलन, छातीवर बिल्ला, आणि पुढे कॉलेजजवळ स्वतःचं घर, हा थाट तेव्हापासूनचा.

या घरांची दारं मात्र सगळ्यांना उघडी नव्हती. ज्यू मुलांना आत घेत नसत, म्हणून १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये झीटा बीटा टाऊचा उगम झाला. काळ्या मुलांनी १९०६ साली कॉर्नेलमध्ये अल्फा फाय अल्फा काढली. आणि १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जे भारतीय इथे आले, त्यांची मुलं नव्वदीच्या दशकात कॉलेजात पोचली तेव्हा त्यांनीही हाच मार्ग धरला. बिंगहॅम्टनला १९९४ साली आयोटा नू डेल्टा, पेनसिल्वेनिया युनिव्हर्सिटीत १९९६ साली सिग्मा बीटा ऱ्हो, ऑस्टिनला १९९८ साली डेल्टा एप्सिलॉन साय, लॉस एंजेलिसला १९९९ साली बीटा काय थीटा. मुलींच्याही सोरॉरिटी त्याच सुमाराला निघाल्या. म्हणजे आपल्याकडे जसं नव्या गावात चार मराठी घरं जमली की पाचव्या महिन्यात गणपती बसतो आणि सहाव्या महिन्यात घटना लिहायला घेतात, तसाच हा प्रकार.

मुलं तिथे का जातात? आमच्यातले बहुतेक जण इथे एम. एस. करायला आलेले. दोन खोल्यांत चार जण, भिंतीवर स्वयंपाकाच्या पाळ्यांचा कागद, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजण्यावरून भांडणं. ते घर हीच आमची फ्रॅटर्निटी होती. तिला ग्रीक नाव तेवढं नव्हतं. तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या युनिव्हर्सिटीत अठरा वर्षांचा पोरगा एकटा जाऊन पडतो, तेव्हा त्यालाही अशीच माणसं हवी असतात. आजारी पडल्यावर सूप आणून देणारी, थर्मोडायनॅमिक्सच्या जुन्या नोट्स देणारी, उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी ओळख काढून देणारी. आपल्या मंडळाच्या गणपतीत खुर्च्या लावायला आणि मिरवणुकीत ढोल वाहायला येणारी मुलं आठवा. त्यांतली निम्मी याच चॅप्टरची असतात.

धोका कुठे आहे

चांगल्याची एवढी यादी दिल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवी. नव्या सभासदाला आत घेण्यापूर्वी जो काळ असतो, त्यात त्याच्याकडून काय करून घेतात यावर सगळं अवलंबून आहे. याला इथे हेझिंग म्हणतात. आपल्याला हे नवीन नाही. हॉस्टेलात राहिलेल्या प्रत्येकाला रॅगिंग माहीत आहे. आमच्यातले काही जण महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला होते त्याच काळात, १९९९ साली, राज्याचा रॅगिंगबंदीचा कायदा आला; पुढे २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. फरक एवढाच की रॅगिंग हे सरसकट सगळ्या नव्या पोरांचं व्हायचं, आणि हेझिंग हे ज्याला आत यायचं आहे त्याच्या 'संमतीने' होतं. म्हणून ते ओळखायला जास्त कठीण.

दोन घटना आम्ही प्रत्येक नव्या पदाधिकाऱ्याला सांगतो. पहिली २०१३ च्या डिसेंबरातली. न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजातल्या एका आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीची मुलं पेनसिल्वेनियातल्या पोकोनो डोंगरात एका भाड्याच्या घरी गेली. पहिल्या वर्षाच्या एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, पाठीवर वजन दिलं आणि अंधारात, थंडीत त्याला पुन्हा पुन्हा धक्के देऊन पाडलं. तो बेशुद्ध पडल्यावर लगेच दवाखान्यात नेलं नाही. मुलगा गेला. नुसत्या मुलांवर नाही, तर त्या संघटनेवरही खटला चालला आणि २०१८ साली कोर्टाने तिला पेनसिल्वेनियात दहा वर्षं बंदी घातली.

दुसरी घटना २०१७ च्या फेब्रुवारीतली. पेन स्टेटमध्ये टिमथी पियाझा हा मुलगा दारू पाजल्यानंतर तळघराच्या जिन्यावरून पडला. घर माणसांनी भरलेलं होतं. पण ९११ ला फोन गेला तो सुमारे बारा तासांनी. त्याच्या नावाने पेनसिल्वेनियाने २०१८ साली कडक कायदा केला. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये 'स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट' या केंद्रीय कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. त्यानुसार हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती कॉलेजांना आपल्या वेबसाइटवर जाहीर करावी लागते. मुलगा रश करतोय म्हणाला की रागवण्यापूर्वी ही यादी उघडून पाहावी, हे आमचं पालकांना पहिलं सांगणं.

दोन्ही गोष्टींत एक सूत्र आहे. मारायची इच्छा कुणाचीच नव्हती. विशीतल्या पोरांनी भरलेल्या घरात, त्या रात्री "पुरे" म्हणणारं मोठं माणूस नव्हतं, आणि फोन केला तर चॅप्टर बंद पडेल ही भीती मात्र प्रत्येकाच्या मनात होती.

बोर्ड कसं उभं राहिलं

आमच्या चॅप्टरवर २०२२ च्या वसंतात युनिव्हर्सिटीची कारवाई झाली. एका पार्टीत एकवीस वर्षांखालची दोन मुलं दारू पिऊन आढळली. चौकशीत असंही निघालं की नव्या सभासदांचे कार्यक्रम मध्यरात्रीनंतरही चालतात आणि पैशाचा हिशेब कुणाकडेच नाही. एक वर्षाचं प्रोबेशन मिळालं. अट अशी की पानगळीच्या सत्रापर्यंत लेखी कार्यक्रम, लेखी हिशेब आणि किमान पाच जणांचं सल्लागार मंडळ दाखवा, नाहीतर मान्यता जाईल.

"जाऊ दे की मान्यता," असं आपल्या मंडळातल्या काहींनी तेव्हा म्हटलं होतं. पण मान्यता गेली म्हणून पन्नास मुलांची मैत्री संपत नाही. तीच मुलं दुसरं घर भाड्याने घेतात, तेच कार्यक्रम करतात, फक्त आता त्यांच्यावर ना युनिव्हर्सिटीचं लक्ष, ना राष्ट्रीय कार्यालयाचं, ना विमा. म्हणून चॅप्टर वाचवायचा, पण त्याचा कारभार पार बदलायचा, हे दोन्ही एकदम करायचं ठरलं.

पहिली बैठक एकाच्या बेसमेंटमध्ये झाली. कांदेपोहे, चहा आणि अजेंडा. सहा जणांत तिघे त्याच चॅप्टरचे माजी सभासद, इथेच जन्मलेले, तिशीतले. उरलेले तिघे फ्रॅटर्निटीच्या बाहेरचे: एक वकीलबाई, एक आय. सी. यू.त काम करणाऱ्या परिचारिका आणि एक आमच्यासारखा प्रोजेक्टचं वेळापत्रक आखण्यात केस पिकवलेला इंजिनिअर. माजी सभासदांकडे जिव्हाळा असतो, आणि जुन्या आठवणींचं ओझंही असतं. बाहेरचा माणूस "पण हे का करता?" असा प्रश्न न लाजता विचारू शकतो. दोन्ही हवेत.

सुरुवातीलाच काही नियम कागदावर घातले. ज्याचा मुलगा सध्या चॅप्टरमध्ये आहे, तो बोर्डावर नको. ज्याला कॉलेज सोडून तीन वर्षं झाली नाहीत तोही नको. कालचा पार्टनर आज सल्लागार होऊ शकत नाही. मुदत तीन वर्षांची, आणि दरवर्षी दोघांनी निवृत्त व्हायचं, म्हणजे सगळे एकदम दमून एकदम सोडून जाणार नाहीत. आपल्या मंडळांच्या कार्यकारिण्या पाहिलेल्यांना हा नियम का केला ते समजावून सांगायला नको.

मग आपण कोण नाही, हे ठरवलं. ते जास्त महत्त्वाचं. चॅप्टरला सनद देतं ते राष्ट्रीय कार्यालय. मान्यता देते ती युनिव्हर्सिटी. ज्यांचं स्वतःचं घर असतं त्यांची इमारत 'हाउस कॉर्पोरेशन' नावाच्या वेगळ्या संस्थेकडे असते. आमच्या मुलांचं घर भाड्याचं, म्हणून तो व्याप नाही. आणि कारभार करतात ते मुलांनी निवडून दिलेले पदाधिकारी. आम्ही यांच्यापैकी कुणीच नाही. आम्हाला चॅप्टरच्या सभेत मत नाही. आमच्या हातात तीनच गोष्टी: प्रश्न विचारणं, सल्ला देणं, आणि जिवाला धोका दिसला तर वर कळवणं. ही तिसरी गोष्ट आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितली. नंतर सांगितली असती तर ती चुगली ठरली असती.

एकाला एक

सगळ्यांनी सगळ्यांना सल्ला द्यायचा म्हटलं की कुणीच कुणाला देत नाही. म्हणून एका सल्लागाराकडे एक पदाधिकारी अशी वाटणी केली. अध्यक्षाकडे माजी सभासदांतला ज्येष्ठ. नव्या सभासदांचा कार्यक्रम आखणाऱ्याकडे वकीलबाई. 'रिस्क मॅनेजर' म्हणून जो असतो, म्हणजे पार्टीच्या रात्री स्वतः न पिता जागा राहणारा, त्याच्याकडे परिचारिका. खजिनदाराकडे इंजिनिअर. अभ्यास आणि भरती उरलेल्या दोघांकडे. दर पंधरा दिवसांनी त्या जोडीचं अर्धा तास बोलणं, महिन्यातून एकदा सगळ्यांची बैठक, आणि सत्रातून दोनदा प्रत्यक्ष घरी जाणं. घरी जाताना आधी कळवून जायचं. अचानक धाड घालायला आपण कस्टम्सवाले नव्हे.

हिशेबाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सभासदांची वर्गणी फोनवरच्या अ‍ॅपने खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हायची. खजिनदार बदलला की पैसे जुन्याकडे आणि बिलं नव्याकडे. कुणी खाल्ले असं नाही. कुणाला ठाऊकच नाही असं. आम्ही काही मोठं शास्त्र शिकवलं नाही. चॅप्टरच्या स्वतःच्या करक्रमांकावर बँकेत खातं, ठरावीक रकमेवर दोन सह्या, आणि एका पानाचं अंदाजपत्रक. वर्षाची जमा साधारणपणे पन्नास हजार डॉलरच्या आत असलेल्या अशा संस्थेला कर खात्याकडे दरवर्षी 'नाइन-नाइंटी-एन' नावाची छोटीशी माहिती संगणकावरून भरावी लागते. दहा मिनिटांचं काम. पण सलग तीन वर्षं भरली नाही तर करमाफी आपोआप जाते. दरवर्षी खजिनदार बदलणाऱ्या संस्थेत हे हमखास विसरलं जाणारं काम आहे, आणि सल्लागार मंडळाचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होतो. मुलं दरवर्षी बदलतात. लक्षात ठेवणारं कुणीतरी टिकून राहावं लागतं.

आणखी एक. चॅप्टरला दिलेली देणगी करातून वजा होत नाही, कारण कर खात्याच्या लेखी फ्रॅटर्निटी हा सभासदांचा क्लब आहे, धर्मादाय संस्था नव्हे. शिष्यवृत्तीसाठी देणगी द्यायची असेल तर बहुतेक राष्ट्रीय संघटनांची वेगळी फाउंडेशन असतात, तिकडे द्यावी. मुलं उत्साहाने पावती फाडतील, पण ती चालणार नाही.

एका रात्रीचा वाद

खरी परीक्षा पहिल्याच हिवाळ्यात झाली. नव्या सभासदांच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक वकीलबाईंनी दिवसवार, तासवार मागितलं. शेवटच्या शनिवारपुढे नुसतं 'परंपरा' एवढंच लिहिलेलं. खोदून विचारल्यावर कळलं की त्या रात्री नव्या मुलांचे फोन काढून घेतात, डोळ्यांवर पट्टी बांधून गावाबाहेर नेतात, आणि पहाटेपर्यंत उभं करून प्रश्न विचारतात. "मारत नाही, दारू देत नाही, आजवर कुणाला काही झालेलं नाही," मुलं म्हणाली. आणि ती खरं बोलत होती.

दुसऱ्या गावांतल्या माजी सभासदांचे फोन सुरू झाले. आम्ही केलं, आमचं काय बिघडलं? तीच तर रात्र आम्हाला जन्मभर आठवते. आमच्यातल्या एका माजी सभासदालाही तसंच वाटत होतं.

इंजिनिअर लोकांना या युक्तिवादाची भीती वाटते, कारण त्यांनी तो दुसरीकडे ऐकलेला असतो. १९८६ साली चॅलेंजर यान फुटलं, त्याच्या आधीच्या उड्डाणांतही रबरी कड्या जळालेल्या सापडल्या होत्या. यान परत आलं, म्हणून जळणं हळूहळू नेहमीचंच मानलं गेलं. मग एका थंड सकाळी ते परत आलं नाही. आजवर काही झालं नाही याचा अर्थ रचना सुरक्षित आहे असा होत नाही. आजवर थंडी तेवढी पडली नव्हती, एवढाच होतो. परिचारिकाबाईंनी तर भाषण केलंच नाही. त्यांनी दमा असलेला मुलगा, फोन नाही, इनहेलर गाडीत आणि दवाखाना चाळीस मिनिटांवर, एवढंच सांगितलं आणि विचारलं, "कुणाला दमा आहे ते तुम्हाला माहीत आहे?" चॅप्टरच्या अध्यक्षाला माहीत नव्हतं.

आम्ही बंदी घातली नाही. तो अधिकारच नव्हता. आम्ही सांगितलं की ही रात्र वेळापत्रकात राहिली तर ते वेळापत्रक आम्ही सही न करता राष्ट्रीय कार्यालयाकडे पाठवू, आणि सही का नाही तेही लिहू. निर्णय तुमचा. मुलं दोन आठवडे आपापसात भांडली. मतदान झालं आणि ती रात्र थोड्या मतांनी रद्द झाली. दोन मुलं चॅप्टर सोडून गेली. आमच्यातल्या त्या माजी सभासदानेही राजीनामा दिला. माणूस चांगला, आजही भेटला की हसून बोलतो, पण त्या विषयावर नाही. त्याच्या जागी माणूस मिळायला चार महिने लागले.

त्या रात्रीच्या जागी काहीतरी द्यायला हवं होतं. नुसतं काढून घेतलं की पोकळी राहते आणि पोकळीत जुनंच परत येतं. आता शेवटचा शनिवार दिवसा असतो. सकाळी सगळे मिळून फूड बँकेत धान्याच्या पिशव्या भरतात, दुपारी मोठा स्वयंपाक करतात, आणि संध्याकाळी प्रत्येक जुना सभासद एका नव्या सभासदाला हाताने लिहिलेलं पत्र देतो. फोनवर वाढलेल्या पोरांना हाताने पत्र लिहायला लावणं हेच हेझिंग आहे, असा विनोद मुलांत चालतो. ती पत्रं मात्र कुणी फेकत नाही.

रात्री पावणेदोनचा फोन

२०२४ च्या फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री पावणेदोनला परिचारिकाबाईंचा फोन वाजला. चॅप्टरचा अध्यक्ष होता. एकोणीस वर्षांचा एक सभासद दुसरीकडच्या पार्टीतून परत आला होता, उठवला तरी उठत नव्हता, ओठ निळसर. बाईंनी विचारलं, "नाइन-वन-वनला केलास?" तो म्हणाला, "आंटी, आधी त्यांनाच केला. अँब्युलन्स दारात आहे." दोन मुलं त्याला कुशीवर धरून बसली होती, उलटी घशात अडकू नये म्हणून. कसं धरायचं ते त्यांना बाईंनीच सप्टेंबरात दिवाणखान्याच्या जमिनीवर आडवं पाडून शिकवलं होतं. मुलगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत परत आला.

या घरातल्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे: फोन आधी ९११ ला, मग आम्हाला, आणि फोन केल्याबद्दल बोर्डाकडून कुणालाही कधीही बोलणी बसणार नाहीत. बऱ्याच राज्यांत मदतीला फोन करणाऱ्या अल्पवयीन मुलांना दारूच्या गुन्ह्यातून सूट देणारे कायदे आहेत. आमच्या राज्यातही आहे, त्याच्या अटी वकीलबाईंनी त्याच कागदाखाली साध्या भाषेत लिहून ठेवल्या आहेत. त्या रात्री प्रोबेशनची आठवण त्या मुलांनाही आलीच असणार. तरी फोन गेला. बारा तासांनी नाही, दोन मिनिटांत. तीन वर्षांत बोर्डाने काय केलं असं कुणी विचारलं, तर आम्ही एवढंच सांगतो.

पालकांसाठी आणि इच्छुकांसाठी

आता आईवडिलांविषयी. आम्ही बोर्डावर आहोत हे कळल्यापासून किराणा दुकानात आम्हाला थांबवून विचारणारे वाढले आहेत. "तो वेळेवर जेवतो का? भाजी खातो का? त्याला मैत्रीण आहे का?" यातलं आम्ही काहीच सांगत नाही. १९७४ च्या कायद्यानुसार मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. फी कुणी का भरेना. आमच्यावर तो कायदा थेट लागू नाही, पण रीत आम्ही तीच पाळतो. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पटेल ब्रदर्सच्या रांगेत फुटली, तर पुढच्या वेळी तो पावणेदोनला फोन करणार नाही.

त्यापेक्षा मुलालाच विचारा, आणि नीट विचारा. तुमच्या चॅप्टरला सल्लागार मंडळ आहे का? त्यात तुमच्यापेक्षा दहा-वीस वर्षांनी मोठी माणसं किती? नव्या सभासदांचं वेळापत्रक लेखी आहे का, आणि ते मला दाखवता येईल का? पार्टीच्या रात्री न पिणारे किती जण असतात? या प्रश्नांना सरळ उत्तरं आली तर बरचसं काम झालं. "ते गुप्त असतं" असं उत्तर आलं तर पुढे बोला. हस्तांदोलन गुप्त असू दे. वेळापत्रक गुप्त असायचं कारण नाही.

ज्यांना असं बोर्ड दुसऱ्या गावी उभं करायचं आहे, त्यांनी आधी राष्ट्रीय कार्यालयाला आणि युनिव्हर्सिटीच्या फ्रॅटर्निटी विभागाला लिहावं. दोघांकडेही सल्लागारांसाठी प्रशिक्षण असतं. सल्लागार म्हणून आपल्याला त्यांच्या विम्याचं संरक्षण आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावं, तोंडी नको. बैठकीचं टिपण ठेवावं. मुलांबरोबर कधीही पिऊ नये, एकवीसच्या वरच्यांबरोबरही. आणि 'अंकल' होण्याची घाई करू नये. पहिलं वर्षभर ती मुलं आम्हाला 'सर' म्हणत होती, त्यात अंतर होतं. आता अंकल-आंटी म्हणतात, आणि नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी टायची गाठ कशी मारायची तेही विचारतात.

सगळं गोड झालं असं नाही. भरती अजून रोडावलेली आहे. ज्यांना ती जुनी रात्र हवी असते ते दुसऱ्या घरी जातात. दोन खजिनदार मध्येच सोडून गेले. घरात शिरलं की शिळ्या पिझ्झाचा वास आजही येतो, त्यावर कुठलंही बोर्ड उपाय काढू शकलेलं नाही. पण प्रोबेशन २०२३ मध्ये वेळेवर उठलं, हिशेब दर महिन्याला जुळतो, आणि यंदाच्या गणपतीत खुर्च्या लावायला मुलं पुन्हा येणार आहेत.

नियमाप्रमाणे आमच्यातले दोघे यंदा निवृत्त होत आहेत. जागा दोन आहेत: एक हिशेबाची, एक अभ्यासाची. चॅप्टरचा माजी सभासद असण्याची अट नाही. पगार नाही, मान थोडा, पोहे भरपूर, आणि फोन रात्री-अपरात्री. इच्छुकांनी मंडळाच्या कार्यकारिणीत कुणालाही सांगावं. निरोप आमच्यापर्यंत पोचेल.